निवळशंख खळ

त्या घरात ओला वाख कधी मुक्कामाला राहिला नव्हता. घायपाताची लांब, काटेरी टोकांची पानं शेडमागच्या यंत्रात खरवडली जात, हिरवा रस नालीला लागे, आणि उरलेले पांढरे तंतू त्याच दुपारी तारांवर वाळत पडत. आभाळ जरा काळवंडलं की सगळं घर हातातलं काम टाकून तारांकडे धावे. "ओला वाख आणि अर्धवट राग घरात ठेवू नये," बाबा म्हणत, "दोन्ही आतून कुजतात." रागाच्या बाबतीत ते हा नियम अगदी काटेकोरपणे पाळत, त्यांचा राग नेहमी पुरता असे आणि शेजारच्या तीन घरांना ऐकू जाई.

जन्मभर दोर वळलेल्या या माणसाचा धाकटा मुलगा एका प्रयोगशाळेत संशोधन करत होता. तिथे त्याला सगळे घुम्या म्हणत. त्याने कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर बोलावं लागलं असतं.

घुम्याचं काम बापाच्या कामाच्या नेमकं उलट होतं. वाखाचा एक तंतू म्हणजे आतून पाहिलं तर बारीक धाग्यांची जुडी. त्यातला प्रत्येक धागा पुन्हा त्याहून बारीक धाग्यांची जुडी. आणि असं उलगडत गेलं की शेवटी जे उरतं ते सेल्युलोजचे नॅनोतंतू. एका केसाच्या जाडीत हजारोंनी शेजारीशेजारी उभे राहतील इतके बारीक, आणि तरी ओढून पाहिले तर चिवट. ते सुटे करून, पाण्यात पसरून, त्यांचा पुन्हा एकसंध पापुद्रा जमवला तर तो काचेसारखा आरपार दिसतो, असं त्याने वाचलं होतं. ज्या संध्याकाळी त्याने हे घरी सांगितलं, त्या संध्याकाळी बाबा पायाच्या अंगठ्यात अडकवलेला दोर वळत होते.

"म्हणजे मी जन्मभर वळत आलो, आणि तू उलगडत बसणार."

"हो."

"छान. दोघांच्या कामाची बेरीज शून्य."

"शून्य कशी?" आत्या आतून म्हणाली. बाबांची ही थोरली बहीण. घरातला शेवटचा शब्द तिचा असे, आणि बहुतेकदा पहिलाही. "एक वळतो, एक उलगडतो, आणि जेवायला दोघंही वेळेवर हजर. शून्य असतं तर मला एवढी भांडी का पडली असती?"

घुम्याने प्रयोगासाठी शेडमधला केर मागितला होता, वळताना तुटून पडलेले आखूड तंतू. त्याला तेवढे पुरणार होते. परंतु बाबा भरून देत त्या पिशवीत केर कधी नसे. तिच्यात निघे निवडलेला, विंचरलेला, सर्वांत लांब वाख, वर मऊ दोरीची गाठ मारलेली जुडी. हा वाख आपण कात्रीने बोटाच्या पेराएवढा कापतो आणि कॉस्टिक सोड्यात उकळतो, तेव्हा विंचरून काही उपयोग नाही, हे सांगायचं त्याने अनेकदा ठरवलं. दर वेळी पिशवी घेताना बाबा विचारत, "चालेल ना?" आणि दर वेळी तो मान हलवी.

म्हणूनच त्याच्या मार्गदर्शक मॅडम जेव्हा म्हणाल्या की आता घायपात सोडून द्यावा, तेव्हा त्याला सर्वांत आधी आठवली ती मऊ दोरीची गाठ.

मॅडम कठोर नव्हत्या. त्यांनी त्याला समोर बसवलं, खुर्ची स्वतः ओढून दिली. "हे बघ, तुझ्या मेहनतीबद्दल प्रश्नच नाही. पण दर खेपेला दूध. वाख सुटा होत नाहीये. बाकीचे लाकडाच्या लगद्यावर काम करतायत, त्यांचं पुढे चाललंय. सोमवारी आढावा आहे. तोपर्यंत निदान एक पारदर्शक पापुद्रा दाखव, तर वाख ठेवू. नाहीतर तूही लगदा घे. वर्षं अशी वाया घालवू नकोस."

"हो मॅडम," तो म्हणाला. उठताना त्याने खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली.

दूध म्हणजे काय, ते त्याच्या मागच्या टेबलावर काम करणारी ताई रोज जाहीर करत असे. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, सूक्ष्मदर्शकावरची, आणि शांतता सहन न होणारी. "काय घुम्या, आज किती दिलं गाईनं?" ती विचारी. तो ओशाळं हसे. वाख उकळून, विरंजन करून, लिटमसचा रंग बदलायचा थांबेपर्यंत धुऊन झाला की पांढराशुभ्र होई. मग थेंबाथेंबाने रसायन घालत, द्रावणाचा सामू ढळू न देता, तो तंतूंवर विद्युतभार चढवी, म्हणजे ते एकमेकांना दूर लोटतील. शेवटी कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनियंत्राची दांडी त्यात बुडवी. सगळं पुस्तकात होतं तसं. आणि शेवटी चंचुपात्रात उरे ते पांढरं, गढूळ पाणी. तासाभरात तळाशी साका, वर पुन्हा पाणी. जणू तंतूंनी सुटं होण्याचं नाटक करून, तो वळताच पुन्हा गळ्यात गळे घातले होते.

त्या गुरुवारी त्याने बाबांच्या शेवटच्या जुडीतला शेवटचा वाख धुतला. तो ओला गोळा चाळणीवर निथळत ठेवला आणि नेहमीप्रमाणे ओव्हनकडे गेला. वाळवून वजन करायचं, मग पुढचं पाऊल. पण ओव्हन भरलेला होता. आत ताईची काचेची भांडी, दारावर तिच्या अक्षरात चिठ्ठी: "उघडाल तर बोलणार नाही." इतर कोणी लिहिलं असतं तर ती धमकी ठरली नसती, ताईच्या बाबतीत मात्र ती भयंकरच होती. घुम्या थोडा वेळ दारापाशी घुटमळला. ताईला विचारता आलं असतं. त्याऐवजी त्याने ओला गोळा डब्यात भरला, झाकण लावलं आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. संध्याकाळी घरी जाताना त्याला सारखं वाटत राहिलं की आपण काहीतरी उघड्यावर विसरून आलो आहोत.

दुसऱ्या दिवशी ओव्हन मोकळा झाला नव्हता, आणि वाट पाहायला सवड नव्हती. त्याने गोळ्यातला एक चिमूट वाळवून त्यावरून बाकीच्याचं वजन हिशोबाने काढलं आणि ओलाच वाख पुढच्या रसायनात घातला. दुपारी ध्वनियंत्र लावलं. यंत्र किंचाळायला लागलं तेवढ्यात मॅडमचा निरोप आला की सोमवारच्या आढाव्याची चित्रं दाखवायला ये. यंत्राची वेळ लावून तो वर गेला. चित्रं फारशी नव्हतीच. साक्याचे फोटो, आलेख, पुन्हा साक्याचे फोटो. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या त्या 'बरं'मध्ये लगद्याचा अख्खा ट्रक उभा होता.

तो खाली आला तेव्हा यंत्र थांबलं होतं. खोली रिकामी होती. आणि टेबलावरच्या चंचुपात्रात पाणी होतं. निवळशंख पाणी. पलीकडची खिडकी, तिचे गज, गजांपलीकडची समोरच्या इमारतीची गच्ची, सगळं त्यातून स्वच्छ दिसत होतं.

त्याला लगेच कळलं. ताई. कुठेही खरकटं भांडं दिसलं की ते विसळून, पाणी भरून ठेवायची तिची सवय होती. तिच्या तावडीतून कुणाचा चहाचा कपही सुटला नव्हता. तिला वाटलं असेल, हे दूधही नेहमीसारखं नासलेलं, टाकून द्यायचंच. आणि तिचं चुकलं तरी काय? आज संध्याकाळी त्यानेही तेच केलं असतं.

राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा. शोधून विचारावं, भांडावं, असं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने चंचुपात्र उचललं, बेसिनपाशी नेलं आणि तिरपं केलं.

पाणी पडेना.

क्षणभर ते काठावर रेंगाळलं, विचारात पडल्यासारखं. मग एक जाड, सावकाश जीभ बाहेर आली आणि अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखी सरकत बेसिनमध्ये उतरली. तिच्या मागोमाग दुसरी. घुम्या बघत होता, आणि बघताना त्याचा हात मात्र तसाच तिरपा होता, कारण हाताला सांगण्यात आलं होतं की हे पाणी आहे. मग त्याचं लक्ष बुडबुड्यांकडे गेलं. चंचुपात्राच्या मध्यात चार बुडबुडे होते. ते वर जात नव्हते, खाली येत नव्हते. जिथे होते तिथे, हवेत टांगलेल्या मण्यांसारखे स्थिर होते.

पाण्यात बुडबुडा थांबत नाही.

"नाही!" तो ओरडला.

शेजारच्या खोलीतून ताई धावत आली. "काय झालं? कोण ओरडलं?" तिने चारीकडे पाहिलं. "घुम्या, तू? तुला आवाज आहे?"

"तू हे धुतलंस का?"

"मी कशाला धुवू? मी सकाळपासून शेजारच्या खोलीत आहे. तुझ्या गाईला मी हातसुद्धा लावला नाही."

त्याने चंचुपात्र सरळ केलं होतं. ते दोन्ही हातांत असं धरलं होतं, जसं कुणी अंगणात पडलेलं पाखरू धरतं. तळाशी दोन बोटं उरलं होतं. बाकीचं सगळं, बाबांच्या जुडीचं सगळं, बेसिनच्या जाळीतून शेवटचा लोंबता धागा सोडत आत चाललं होतं. ताईने एकदा बेसिनकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातांकडे.

"ओतलं मी," तो म्हणाला. "पाणी समजून."

"अरे देवा." मग तिने बाही वर केली. "बरं, रडू नंतर. आधी बघू तरी, आहे काय ते."

तिने कपाटातून दोन काळसर, आरपार दिसणारे पत्रे काढले. एक आडवा, दुसरा उभा असे एकमेकांवर धरले की प्रकाश अडतो आणि पलीकडचा दिवा विझल्यासारखा दिसतो. मध्ये साधं पाणी ठेवलं तरी अंधार तसाच राहतो. पण त्या पाण्यात लांबट तंतू असतील आणि ते एका दिशेने वळले, तर अंधारातून उजेड वाट काढतो. ताईने पत्रे धरले, मागे दिवा लावला. घुम्याने छोट्या बाटलीत थोडी निवळ घेतली, मध्ये धरली. अंधार. त्याने बाटली हळूच हलवली.

बाटलीत पहाट झाली. आधी करडी, मग पिवळी, कडेला निळसर. तो हात थांबवी तेव्हा रंग सावकाश मावळत, हलवी तेव्हा पुन्हा उसळत. इतके दिवस तो तंतू दिसतील म्हणून वाट पाहत होता. ते सुटे झाले तेव्हा दिसेनासे झाले, आणि म्हणून त्याला ओळखूच आले नाहीत. स्वतःविषयीही त्याला कधीकधी असंच वाटत आलं होतं. त्याने बाटली पुन्हा हलवली.

"अजून एकदा," ताई कुजबुजली. ती कुजबुजू शकते, हेही त्या दिवशीच समजलं.

संध्याकाळी तिने निवळीचा एक विरळ थेंब आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली घातला. हा सूक्ष्मदर्शक पाहत नाही, चाचपतो. सुईचं टोक पृष्ठभागावरून फिरवून, आंधळ्याने चेहरा ओळखावा तसा. पडद्यावर एकेक रेघ उमटत गेली, आणि रेघांतून उमटत गेले लांब, बारीक, वळणावळणाचे धागे. सुटे. एकावर एक पडलेले, पण एकमेकांना न चिकटलेले.

"पण या वेळी वेगळं काय केलंस?" ताईने विचारलं.

तो सांगू लागला. उकळणं तेच, धुणं तेच, रसायन तेच. बोलता बोलता त्याची नजर ओव्हनवरच्या चिठ्ठीवर गेली आणि तो थांबला. विरंजन केलेला वाख एकदा वाळला की त्यातले तंतू एकमेकांना असे पकडतात की पुन्हा सोडत नाहीत. म्हणून तो शेवटपर्यंत ओला ठेवावा. हे त्याने वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, त्याखाली रेघ मारली होती. आणि तरीही प्रत्येक खेपेला, वजन करायचं म्हणून, त्याच्या हातांनी वाख वाळवला होता. डोकं प्रयोगशाळेत आलं होतं; हात अजून शेडमधल्या तारांपाशीच उभे होते.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," सगळं ऐकून ताई म्हणाली. "आणि तुझा तर सुंभही अजून धडधाकट आहे. चिठ्ठीचे पेढे मागणार आहे मी."

उरलेली निवळ एका सपाट बशीत पुरली, तळहाताएवढी. आता मात्र वाळवायचंच होतं, आणि तेही घाई न करता, झाकणाला किंचित फट ठेवून. रविवारी दुपारी बशीच्या काठाखाली पातं घालून त्याने पापुद्रा सोडवला. कांद्याच्या सालीहून हलका, काचेसारखा आरपार. बोटांत धरला की किंचित कुरकुरणारा. त्याने तो दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवला आणि सोमवारी सकाळी परत आणण्याच्या अटीवर मॅडमची परवानगी घेऊन घरी नेला.

बाबा शेडमध्ये होते. घुम्याने काचपट्ट्या पुढे केल्या.

"काय आहे यात? रिकामं आहे."

"रिकामं नाही. तुमचा वाख आहे."

बाबांनी पट्टी उजेडाकडे धरली, तिरपी केली, आणि कडेवर चमकलेली एक रेघ त्यांना दिसली. त्यांनी अलगद पापुद्रा बाहेर काढला. आत्या दारातून डोकावली. "ही कपड्यांना घालायची खळ का? माझ्या वेळी खळ पांढरी असायची."

"निवळशंख खळ आहे," बाबा म्हणाले. पापुद्र्यातून त्यांनी शेडकडे पाहिलं, यंत्राकडे, वाळणाऱ्या तारांकडे, मुलाच्या तोंडाकडे. मग त्यांची बोटं सवयीने पापुद्र्याच्या दोन टोकांवर आली आणि अंगठे घट्ट बसले.

"अरे, अरे! त्याला ओढू नकोस," आत्या म्हणाली. "दिसेल ते ओढून बघायचं. लग्नात बायकोचं मंगळसूत्रसुद्धा ओढून बघितलं होतं यानं."

"ते मजबूत होतं," बाबा म्हणाले. पण ते थांबले होते. अंगठे तसेच ठेवून त्यांनी मुलाकडे पाहिलं. "एकच आहे का?"

"एकच."

"आणि उद्या दाखवायचाय."

"हो."

बाबांचे अंगठे सैल झाले. तेवढ्यावर गोष्ट मिटली असती. घुम्याने मान हलवली असती, पापुद्रा काचेत गेला असता, आणि बाबांना तो एक शोभेचा तुकडा वाटला असता, त्यांच्या वाखाशी काही नातं नसलेला. जो दोर ओढून पाहिला नाही तो त्यांच्या लेखी दोरच नव्हता. आणि उद्या हा फाटला तर हातात काही उरत नव्हतं.

"ओढा," तो म्हणाला.

"फाटला तर?"

"ओढा, बाबा. सरळ ओढा फक्त."

बाबांनी पाय रोवले, जणू हातात दोरखंड होता. पापुद्रा ताणला गेला. अंगठ्यांची नखं पांढरी पडली, मनगटावरच्या शिरा वर आल्या, आणि त्या एवढ्याशा आरपार तुकड्यातून एक बारीक, ताणलेल्या तारेसारखा आवाज निघाला. आत्याने पदर तोंडाशी नेला. बाबा ओढत राहिले. मग त्यांनी सावकाश हात सैल सोडले, श्वास सोडला, पापुद्र्याकडे पाहिलं. दोन्ही टोकांना अंगठ्यांचे धूसर ठसे. बाकी काही नाही.

"माझाच वाख आहे," ते म्हणाले.

सोमवारी आढाव्यात घुम्या बोलला. फार नाही, पण शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असं. सूक्ष्मदर्शकाची चित्रं दाखवली, ओव्हनची चूक सांगितली, बेसिनची सांगितली. बेसिनवर सगळे हसले. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. मॅडमनी पापुद्रा खिडकीशी नेऊन पाहिला.

"टोकांना हे डाग कसले?"

"वडिलांचे अंगठे आहेत, मॅडम. त्यांनी ओढून पाहिला."

"आणि?"

"फाटला नाही."

मॅडम पापुद्र्यातून बाहेर बघत राहिल्या. "मशीनवर मोजायला लागेलच. अंगठ्याचा आलेख काढता येत नाही." मग वळून म्हणाल्या, "ठेव वाख. पण एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही, परत करून दाखव. आणि एक सांग, हा वाख तुझ्याकडे येतो तो वाळलेलाच ना? सुरुवातीपासून कधीच न वाळलेला मिळाला, पानातून काढून थेट, तर अजून सोपं जाईल. मिळेल?"

"विचारतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"ओला? ओलाच ठेवायचा?"

"हो. झाकून."

"कुजेल."

"थंड ठेवला तर दोन दिवस नाही कुजत. मी रोज घेऊन जाईन."

बाबांनी घास ताटात ठेवला आणि ते हात धुवायला उठले. घुम्याने ताट उचललं, धुतलं, आणि समजून गेला की उत्तर मिळालं आहे.

सकाळी तो निघाला तेव्हा तारांवर वाख वाळत होता, नेहमीसारखा. मात्र शेडच्या सावलीतल्या कोपऱ्यात, जिथे दुपारपर्यंत ऊन येत नाही तिथे, झाकणाची एक बादली होती. झाकणावर दगड. दगडाखाली चारपदरी ओलं पोतं. त्याने झाकण उचललं. आत थंड पाण्यात, अजून हिरवट वासाचा, ओला वाख होता. निवडलेला, विंचरलेला, आणि मऊ दोरीने गाठ मारलेला.

बाबा शेडमागे यंत्र पुसत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"चालेल," घुम्या म्हणाला. आणि या वेळी मोठ्याने म्हणाला.